एकशे आठ घागरींची जपानी आंघोळ

मी बोलायला लागलो की आमच्या गावातल्या म्हशी रवंथ करायच्या थांबतात, असं लोक सांगत. साफ खोटं. म्हशींचं रवंथ चालूच असायचं, कान तेवढे त्या माझ्याकडं वळवत. एवढं आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना मला कोणी मधेच अडवायला नको.

निजामावर पोलीस ॲक्शन होऊन गेली, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचं गाव घनसावंगीच्या अंगाला, गंगेपासून दोन कोसांवर. गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडं तिला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. त्या साली थंडी अशी पडली होती की पहाटे धार काढायला बसलं तर दूध काडीसारखं ताठ निघायचं आणि बायका ते मोडून मोडून चरवीत टाकायच्या. माझ्या चुलत्यानं सकाळी मिशीला दिलेला पीळ दुपारच्या बारापर्यंत सोडवता यायचा नाही. अशा थंडीत एका माणसाला मी उघड्यावर उभा केला. त्याच्या अंगाला बोटसुद्धा लावलं नाही. नुसतं बोललो.

तो माणूस माझ्या भावकीतला, शेजारचा, माझ्याच वयाचा. पंचविशीचे असू आम्ही. लढाईच्या काळात तो घरातून पळून पलटणीत भरती झाला होता. लढाई संपल्यावर पलटण त्याला घेऊन जपानात गेली, पहाऱ्याला. इकडं तो मेला असं धरून चाललं होतं. त्याचा बाप त्याच समजुतीत वारला. आणि एके दिवशी हा डोक्यावर लोखंडी पेटी घेऊन वेशीतून आत आला, टाचा जुळवून आईपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "माय, आलो." तेव्हापासून त्याचं नाव पडलं फौजी.

त्याच्या येण्यानं घरी आई आणि लग्नाची बहीण दोघी आनंदल्या. गावही आनंदलं. एकटा मी मेलो. कारण तोवर गावात लांबच्या गोष्टी सांगणारा मी एकटाच होतो. माझं लांब म्हणजे जुना जालना. कापसाच्या गाडीबरोबर तिथं दोनदा गेलो होतो आणि त्या दोन खेपांवर मी गावाला सात वर्षं गोष्टी पुरवल्या होत्या. जालन्याच्या एका कापडवाल्याकडं एवढा लांब तागा आहे की त्याचं एक टोक दुकानात आणि दुसरं मनमाडला, हे मीच सांगितलेलं. आता समुद्र ओलांडून आलेला माणूस शेजारी बसल्यावर माझा तागा कोण मोजणार? लोक त्याच्याकडं वळले. म्हशींनीही कान फिरवले.

त्याला गोष्ट सांगता यायची नाही, हे माझं दुःख आणखी मोठं. तो जसं घडलं तसं सांगायचा, आणि लोक तरी ऐकायचे.

एका दुपारी आमच्या गुऱ्हाळावर चिपाडं वाळत घालता घालता त्यानं मला एक हकीकत सांगितली. मला एकट्याला.

"समुद्राच्या काठाला आमची छावणी व्हती. तिथं एक म्हातारा सुतार ऱ्हायचा. सगळीकडं बर्फ पडलेला, अन् हा बाबा पहाटं पांढरी लंगोटी लावून पाण्यावर यायचा. आधी तीन बादल्या अंगावर घ्यायचा, मंग गळ्याइतक्या पाण्यात जायचा. हात जोडून काहीतरी पुटपुटायचा. दहा-पंधरा श्वास. बास."

"कशापायी?"

"मनाचा मळ धुवायला. तिकडची रीतच हाय ती. त्याची दोन पोरं लढाईत गेल्ती, आमच्याच बाजूच्या गोळीनं. एक दिवस त्यानं मला हातानं खुणावलं, ये म्हणून. मी बी उतरलो. बाहेर आलो तं गड्या, छातीवरचा धोंडा कोणी उचलून नेल्यागत झाल्तं."

"अन् मंग?"

"मंग जाळ. त्यानं काठावर आधीच लाकडं रचून ठेवल्याली. मला जाळापाशी बसवलं अन् माझी पाठ सोताच्या हातानं चोळली. जाळ न्हाई तं ती आंघोळ पुरी व्हतच न्हाई."

बोलताना त्याचे डोळे भरले होते. मला राग आला. एवढी सोन्यासारखी गोष्ट आणि सांगितली कशी, तर तीन बादल्या अन् दहा-पंधरा श्वास. माझ्या हातात दिली असती तर!

ती लवकरच माझ्या हातात आली.

फौजीच्या बहिणीचं लग्न आष्टीकडच्या एका घरात ठरलं. चांगलं घर, बागाईत जमीन. मुलीचं वय उलटत चाललेलं, बाप नाही. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नाही, हे तिच्या आईला पक्कं ठाऊक होतं. सुपारी फुटली, माघातली तिथी निघाली, आणि नवऱ्या मुलाच्या चुलत्याचा निरोप आला. मुलीचा भाऊ समुद्र ओलांडून आला आहे, कोणाच्या हातचं काय काय खाल्लंय देव जाणे. त्याला शुद्ध करून घ्या, नाहीतर आम्ही तुमच्या मांडवात पंगतीला बसणार नाही.

भावकी पारावर जमली. सकाळची वेळ, सगळे घोंगड्या पांघरून बसलेले. भावकीत थोरले आबा. त्यांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला.

"गंगेवर न्या. पाच बुड्या. भावकीला एक जेवण. झालं."

फौजीनं मान हलवली. त्याची आई पदरानं डोळे पुसत उठायला लागली. तिथंच सगळं संपलं असतं. पण माझी जीभ तोवर चार महिने उपाशी होती.

"आबा," मी म्हणालो, "ह्याच्या जपानात तं ह्याच्याहून भारी शुद्धी करतेत. गंगेतल्या पाच बुड्या म्हणजे तिथं पोरासोरांचा खेळ."

"काय सांगतो!"

मग मी सांगितलं. एकशे आठ घागरी. पहाटे, पांढऱ्या लंगोटीवर, माणसाला दगडावर उभं करून एकामागून एक ओततात. पाणी रात्रभर उघड्यावर ठेवलेलं, वर बर्फाचा पापुद्रा, तो घागरीच्या बुडानं फोडायचा. माणसानं हू का चू करायचं नाही. एकशे आठवी घागर पडली की त्याच्या टाळूतून काळा धूर निघतो. तेच पाप. फौजीनं डोळ्यानं बघितलाय. माझं बोलणं संपलं तेव्हा पारावर पानसुद्धा कोणी चावत नव्हतं. कितीतरी दिवसांनी सगळे कान माझ्याकडं होते.

"असं न्हाई आबा," फौजी उठून म्हणाला. "तीनच बादल्या असत्यात. अन् धूर-बिर काही..."

"बघा बघा," मी म्हणालो, "आता हा भाव पाडून राह्यला."

सगळे खोखो हसले. एक जण म्हणाला, "फौजी, सोतावर बेतलं तं एकशे आठाच्या तीन झाल्या व्हय?" दुसरा म्हणाला, "सरकारी हिशोब हाय त्याचा." तो जितकं खरं सांगायला जाई, तितका माणूस सूट मागतोय असं दिसे. शेवटी तो खाली बसला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी पाराखालच्या एका बैलाकडं बघायला लागलो. चांगला बैल होता.

कोणीतरी दया येऊन म्हणालं, "मंग मोटेखाली बसवू. मोटेचं पाणी बी वरूनच पडतंय."

हे त्याच्या फायद्याचं होतं. विहिरीचं पाणी हिवाळ्याच्या पहाटे कोमट असतं, त्यातून वाफ निघते. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. फौजीचा चेहरा जरा उजळला, तोही मी पाहिला.

"मोट चामड्याची," मी म्हणालो. "चामड्यातल्या पाण्यानं कुठं शुद्धी व्हती का? अन् ते पाणी तं ऊन ऊन असतंय. त्यापरीस घरीच बंबावर न्हाऊ द्या की त्याला."

पुन्हा हशा. उभा जन्म सगळे त्याच मोटेखाली न्हाले होते. आबांनी पिंक टाकली आणि म्हणाले, "तिकडं बाटला, तं तिकडच्याच रीतीनं धुतला पायजे. बराबर हाय."

फौजी एवढंच बोलला, "माझ्यापायी तिचं मोडू नका. करा कसं करायचं ते."

आदल्या दिवशी दोन गुऱ्हाळांच्या रस आटवायच्या काहिली चुलवणावरून उतरवल्या. ज्या लोखंडाखाली हंगामभर जाळ धडधडतो, ती दोन लोखंडं आम्ही मोकळ्या रानात नेऊन पाण्यानं भरून ठेवली. सकाळी खरोखर वर पापुद्रा आला होता. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. आपलं खोटं आपल्या आधी उठून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सारं गाव लोटलं. बायका लेकरं काखेत घेऊन आल्या, कोणी भुईमुगाच्या शेंगा आणल्या. मोजायचं काम माझ्याकडं. दोन वाकळा पांघरून मी पुढ्यात ज्वारीच्या दाण्यांचा ढीग घेऊन बसलो. एक घागर पडली की एक दाणा बाजूला.

फौजी दगडावर चढला, टाचा जुळवल्या, छाती काढली आणि सावधान उभा राहिला. हात जोडले. पहिल्या दहा-बारा घागरींना तो त्या म्हाताऱ्यासारखं काहीतरी पुटपुटत होता, तोंडावर थोडं हसूही होतं. पंचविसाव्याला पुटपुटणं थांबलं. चाळिसाव्याला ओठ जांभळे झाले आणि दातांचा आवाज माझ्यापर्यंत यायला लागला, सुपारीची डबी कोणी खुळखुळवावी तसा. पोरं त्या आवाजाची नक्कल करायला लागली. मी त्यांना दटावलं नाही, ताल धरला.

पन्नाशीच्या पुढं त्याची बहीण गर्दीतून वाट काढत आली. दोन्ही हातांत शेगडी, शेगडीत लालबुंद विस्तव. पोळत असेल, पण तिनं हाताला पदरसुद्धा घेतला नव्हता. फौजीच्या पायांशी ती शेगडी ठेवायला वाकली.

"ए ए, माघारी ने ती!" मी ओरडलो. "जपानात जाळ चालत न्हाई! सगळी शुद्धी जाती वाया!"

ती तशीच थबकली. "दादा, नुसती पायाशी ठेवते. घागरी चालू द्या."

"पुन्हा पहिल्यापून मोजावं लागंल, बाई. बघ बुवा. तुझंच लगीन हाय."

लोक हसले. तिनं भावाकडं पाहिलं. खरं काय ते त्याला माहीत होतं. आता बोलला तर पुन्हा सूट मागितल्यासारखं होणार, हेही त्याला माहीत होतं. त्यानं डोळे मिटले. तिनं शेगडी उचलली आणि गर्दीतून मागं गेली.

आता खरं सांगायचं तर अठ्ठ्याहत्तराव्या घागरीला मी मुद्दाम डोकं खाजवलं आणि म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर का अडुसष्ट?" शेंगा खाणारे एकसुरात ओरडले, "अडुसष्ट!" मी दहा दाणे परत ढिगात सारले. म्हणजे त्या सकाळी घागरी एकशे अठरा पडल्या. मी आयुष्यभर आकडे फुगवले. एवढा एकच आकडा मी लोकांना कमी करून सांगत आलो.

शेवटची पडली. टाळूतून धूर निघाला नाही. "निघाला, निघाला, मी बघितला," असं एक म्हातारी म्हणाली आणि गावाचं समाधान झालं. फौजीला दगडावरून उतरता येईना. दोघांनी ओंडका उचलावा तसा उचलला. जोडलेल्या हातांची बोटं सुटत नव्हती. त्याच्या आईनं ती एक एक करून सोडवली.

त्याच दुपारी त्याला ताप भरला. आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाचा चुलता खात्री करून घ्यायला स्वतः आला.

फौजीच्या ओट्यावर बैठक बसली. आत फौजी चार गोधड्यांखाली कुडकुडत पडलेला, दार उघडंच. आबांनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. पाव्हण्यानं ऐकून घेतलं, चहा बशीत ओतला आणि विचारलं,

"ही रीत कोणाची म्हणाले तुम्ही?"

"जपानी लोकांची."

"त्यांची जात कोणती?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "असंल की एखादी चांगली."

"ते खातात काय?"

कोणी विचारलं नसताना आतून फौजीच बोलला. त्याला खोटं बोलताच यायचं नाही. "मासे. कच्चे बी खातेत."

पाव्हण्यानं बशी खाली ठेवली. "म्हणजे कच्चे मासे खाणाऱ्यांच्या रीतीनं तुम्ही ह्याला शुद्ध केला. आधी तिकडं जाऊन बाटला, आता घरी बसून बाटला. हे दोन्ही धुवावं लागंल. गंगेवर न्या, अकरा बुड्या द्या, माझ्या डोळ्यांदेखत. परवाच्या पहाटं. न्हाई तं आमची सुपारी आम्हाला परत."

आबा माझ्याकडं बघत होते. ते हुशार माणूस. एकशे आठ मणी कोणाच्या माळेत असतात, हे तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं असावं. "काय रे," ते हळूच म्हणाले, "ते एकशे आठ तिकडचंच ना? बराबर आठव."

एवढंच बोलायचं होतं: आबा, तिकडचं त्यात काहीच न्हाई, सगळं माझ्याच डोक्यातलं, आपल्याच मातीतलं. म्हणजे आंघोळ आपली ठरली असती, शुद्धी धरली गेली असती आणि तापानं फणफणलेला माणूस अंथरुणात राहिला असता. माझं काय गेलं असतं? गावानं मला लबाड म्हटलं असतं. ते तर आधीच म्हणत होते. पण हसत म्हणत होते.

"बिलकुल तिकडचंच, आबा," मी म्हणालो. "फौजीनंच सांगितल्यालं."

आत गोधड्या हलल्या. "न्या मला गंगेवर," तो म्हणाला.

गाडी मीच हाकली. गंगेवर धुकं एवढं होतं की बैलांना पाणी प्यायला ते शिंगांनी बाजूला सारावं लागलं. त्याची आई आणि मी त्याला काठापर्यंत धरून नेलं. पुढं तो एकटा गेला. पाव्हणा शाल पांघरून वाळूत उभा राहिला आणि त्यानं चोख मोजलं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. माझ्यापेक्षा तो माणूस बरा होता. नवव्या बुडीला फौजी वर येईना, तशी त्याची आई लुगड्यासकट पाण्यात धावली. तो वर आला. उरलेल्या दोन बुड्या तिनं त्याला दोन्ही दंडांना धरून दिल्या. माझा पाय ओला झाला नाही. काठावर जाळ करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि ज्याच्या ध्यानात होतं तो बोलला नाही.

"आता बराबर," पाव्हणा म्हणाला.

लग्न झालं. थाटात झालं. फौजी पंगतीला बसला, दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला जो खोकला तो पुढं दहा वर्षं. जालन्याच्या डॉक्टरनं एक फुफ्फुस कामातून गेलं म्हणून सांगितलं. त्याला नांगर धरता येईना, ओझं उचलता येईना. जमीन बटईनं दिली. समुद्र ओलांडलेला माणूस ओट्यावर बसून अंगणातली कोंबडी हाकायला लागला.

मला तो काही बोलला नाही. पण पुढच्या पौषात सकाळी त्याच्या अंगणात शेकोटी पेटली, दहा-बारा जण जमले, आणि त्यानं मला बोलावणं पाठवलं.

"या गडी," तो म्हणाला. "सांगा आमच्या जपानचं."

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हणालो, "तीन बादल्या असत्यात..."

"हॅट!" लोक ओरडले. "एकशे आठ! फौजी, हा काय सांगून राह्यला?"

"एकशे आठच," फौजी गंभीरपणे म्हणाला. "मी सोता तिथं व्हतो ना. सांगू द्या त्याला नीट. धुरासकट."

मी सांगितलं, धुरासकट. तो खोकत खोकत ऐकत राहिला. मग दरवर्षी तेच. पौष लागला की बोलावणं यायचं. नाही जावं तर गाव म्हणायचं, आजारी माणसाची एवढीशी हौस तुला पुरवता येत न्हाई. गेलो की पहिल्यापासून सांगायचं: घागरी, पापुद्रा, हू नाही चू नाही. मी कुठं आवरतं घेतलं तर तो मधेच बोट वर करायचा, "ते मोटेचं राह्यलं." एकदा सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "पाणी लई थंड असतं का रे तिथलं?" मी म्हणालो, "लई." तो म्हणाला, "तुला कसं माहीत?" लोक हसून लोळले. मीही हसलो.

त्याचा शेवटचा हिवाळा. तेव्हा त्याच्यानं बसवत नव्हतं, भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बहीण दोन लेकरांना घेऊन आष्टीहून त्याच्या सेवेला आली होती. शेकोटीत लाकडं तीच सारत होती. मी माझी गोष्ट संपवली. घसा कोरडा पडला होता. जाळाच्या अगदी पुढ्यात बसलो होतो, थंडी मला पहिल्यापासूनच सोसत नाही.

"एक तू दरसाल इसरतो," फौजी म्हणाला. आवाज एवढा बारीक की सगळ्यांना वाकावं लागलं.

"काय?"

"नंतर जाळ असतो. तो म्हातारा आधी जाळ रचायचा, मंग पाण्यात जायचा. मला त्यानं जाळापाशी बसवलं, पाठ चोळली. जाळ न्हाई तं ती आंघोळ पुरी व्हत न्हाई. मी तुला गुऱ्हाळावर सांगितल्तं. चिपाडं घालून राह्यल्तो आपण."

त्याच्या बहिणीचा हात लाकडावर होता. ती माझ्याकडं वळली. इतकी वर्षं तिनं त्या परक्या मुलखाला शिव्या घातल्या असतील. कसले मेले लोक, भिजलेल्या माणसाला विस्तव देत नाहीत.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला ठावं व्हतं?"

मी जाळावर हात शेकायला लागलो.

तिनं माझ्या पुढ्यातली दोन्ही जळती लाकडं उचलली, भिंतीशी नेली, भावाच्या पायांजवळ ठेवली आणि त्याच्या मागं बसून त्याची पाठ चोळायला लागली. जाळ तिकडं गेला तशी जमलेली माणसंही उठून तिकडं सरकली. मी होतो तिथंच बसून राहिलो, राखेपुढं. सरक, जागा दे, असं मला कोणी म्हटलं नाही.